आमच्या विहिरीचं गोड पाणी

"नळी उजेडाकडे धर. हां. आता काय दिसतं ते सांग. काय दिसायला पाहिजे ते नको सांगूस."

दिवसातून वीसेक वेळा हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेत ऐकू यायचं, आणि दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातून. कारण मॅडम एका जागी उभ्या राहतच नसत. आत्ता खिडकीशी, तर पुढच्या क्षणी बेसिनशी. बोलताना नखानं काचनळीवर टकटक करायची सवय. उजव्या हाताची दोन बोटं कायम काळी. ते सिल्व्हर नायट्रेटचे डाग. साबणानं जात नाहीत, कातडी झडेल तेव्हाच जातात. बाजारात मासळीवाली त्यांना विचारायची, "मॅडम, काजू भाजायला जाता काय कुठं?" मॅडम म्हणायच्या, "हो, रोज चोवीस काजू भाजते."

चोवीस म्हणजे अकरावी सायन्सची मुलं. म्हसळ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठावर आमचं ज्युनियर कॉलेज. मी तिथला प्रयोगशाळा परिचर. बाटल्या भरायच्या, नळ्या धुवायच्या, बर्नर पेटतो का बघायचं आणि पोरांनी ॲसिड सांडलं की ओरडायचं. पोरं मला भाऊ म्हणतात, शिक्षकही भाऊच म्हणतात. इतकी वर्षं मी ही खोली सांभाळतोय की रसायनशास्त्र मला येतं असा माझा समज झाला होता. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, साहेबांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटणारा. आमच्याकडे तो मी.

मॅडम पालीकडच्या. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी रीतीप्रमाणे चहा करून दिला. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, पाणी खारट लागतंय."

मला राग आला. कॉलेजच्या मागची विहीर ही आमच्या गावाची शान. खाडी इतक्या जवळ असून पाणी गोड, हे आम्ही पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. लग्नाच्या जेवणाला पाणी इथलंच. माझा आजा सांगायचा की पलीकडच्या गावची माणसं होडीतून हंडे घेऊन यायची. आणि ही बाई पहिल्याच घोटात खारट म्हणते.

"मॅडम, आमच्या विहिरीचं पानी गोड हाय," मी म्हणालो. "तुमच्या जिभेला सवय न्हाय."

"असेल," त्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला. सगळं उभ्यानंच. डबासुद्धा. टेबलाशेजारी त्यांच्यासाठी स्टूल होतं, त्यावर त्यांची पर्स बसायची. मी कधी सरकवून दिलं तर म्हणायच्या, "बसले की मला झोप येते, आणि मला झोप आली की ही मुलं आकडे जमवतात."

आकडे जमवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. टायट्रेशनमध्ये थेंब थेंब द्रावण सोडत ब्युरेटच्या नळीवरचं माप तीनदा घ्यायचं असतं. आमची पोरं एकदाच घेत आणि वहीत तीनदा लिहीत. नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक आठ. आधीच्या सरांना चालायचं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ती वही वर धरली. "तीन वेळा एकच? मला भाऊंच्या हातचा तीन दिवस सारखा चहा मिळत नाही." पोरं हसली, मीही हसलो, पण मग सगळ्यांना पुन्हा तीनदा माप घ्यायला लागलं आणि माझी सुट्टी तासभर लांबली.

शिकवायच्या मात्र मनापासून. मोल म्हणजे काय, हे पोरांच्या डोक्यात शिरेना. मॅडमनी घरून मूठभर तांदूळ आणले. "भात झोडल्यावर तुमच्या घरी दाणे मोजतात का?" पोरं म्हणाली, न्हाय. "मग?" तोलतात, पायलीनं मापतात. "तसंच. कण इतके बारीक की मोजता येत नाहीत, म्हणून आपण तोलतो. किती ग्रॅममध्ये किती कण, हे एकदा माहीत असलं की झालं." मी इतकी वर्षं तराजू पुसला होता, पण तो कशासाठी ठेवलाय ते मला त्या दिवशी कळलं.

माझी एक खोड मात्र त्यांनी आल्याआल्या बंद केली. क्षार ओळखण्याच्या परीक्षेत मी पोरांना बोटांनी खूण करायचो. एक बोट म्हणजे क्लोराईड, दोन म्हणजे सल्फेट, मूठ म्हणजे नायट्रेट. यात मला काही वाईट वाटत नव्हतं. पोरं आपल्याच गावची, नापास झाली तर त्यांच्या आया मलाच विचारणार. मॅडमनी एकदा बेसिनवरच्या आरशातून पाहिलं. जवळ येऊन माझी दोन बोटं धरून खाली केली. "भाऊ, त्यांना बघू द्या हो. बघायलाच शिकवतोय आपण."

त्या वर्गात अक्षता होती. बांधापलीकडच्या वाडीतली. वडील भातशेती करायचे आणि मधून मधून मुंबईला गोदीत कामाला जायचे. पोरगी बोलायला कमी, पण नळी हातात घेतली की तिला शेजारी कोण आहे याचं भान नसायचं. मॅडम तिच्याशी जरा जास्त कडक होत्या. ज्याच्याकडून आशा असते त्याच्याशीच आपण तसं वागतो, नाही का? तिच्या वहीत 'रंग किंचित गढूळ, नक्की सांगता येत नाही' असं लिहिलेलं वाचून मॅडम एकदा मला म्हणाल्या, "ही पोरगी शिकेल बघा."

मॅडम येण्याच्या आदल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीनं बांधाला खांड पडली होती. खाडीचं पाणी शेतात शिरलं. अक्षताच्या घरचं शेत त्यातच गेलं. मिठानं जमीन मेली की दोन-तीन वर्षं भात होत नाही. गावात सगळे शेताबद्दल बोलत होते, विहिरीबद्दल कोणीच नाही. पाणी एकदम खारट झालं असतं तर कळलं असतं. ते हळूहळू झालं, आणि आमच्या जिभा हळूहळू सरावत गेल्या.

मग मार्च आला, अकरावीची वार्षिक प्रॅक्टिकल. परीक्षेच्या आदल्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर काढायच्या यंत्राची कॉइल जळली. बाजारातून कॅन आणायचा तर माणगावला जावं लागणार. मॅडम प्राचार्यांकडे पेपर घेऊन गेल्या होत्या. मी विचार केला, कशाला त्यांना त्रास? आपली विहीर आहे की. गावची लग्नं ज्या पाण्यावर लागली, त्याला काय धाड भरलीय? मी कॅन उचलला आणि भरून आणला. वर 'डिस्टिल्ड'ची चिठ्ठी होतीच.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकच क्षार दिला होता, झिंक सल्फेट. पोरांनी तो पाण्यात विरघळवला आणि चाचण्या सुरू केल्या. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की क्लोराईड असेल तर पांढरा साका बसतो, नसेल तर काही होत नाही. त्या दिवशी प्रत्येकाच्या नळीत पांढरं झालं. मी बेसिनशी उभा होतो, पोरांची तोंडं बघत होतो. गोंधळली होती बिचारी. मला कारण काही कळलं नाही, पण बाटली मीच ठेवली असल्यामुळे क्षार कुठला ते ठाऊक होतं. मॅडम पाठमोऱ्या झाल्या आणि जुनी सवय वर आली. मी दोन बोटं दाखवली.

तेवीस जणांनी सल्फेट लिहिलं. अक्षता खिडकीकडे तोंड करून नळी बघत होती, तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं लिहिलं : क्लोराईड आहे, पांढरा साका, अमोनियात विरघळतो. त्याखाली लिहिलं : सल्फेटही आहे.

मॅडमनी वही पाहिली तेव्हा नळ्या धुऊन झाल्या होत्या. वेळ संपत आली होती, त्यांची नेहमीची धावाधाव चालली होती.

"एका क्षारात दोन? एक तरी लागेल म्हणून दोन्ही लिहून ठेवलंस?"

"न्हाय मॅडम. मला दोन्ही दिसलं."

"दिसलं? तेवीस जणांना नाही दिसलं, तुला एकटीला दिसलं?"

तिनं वर्गाकडे पाहिलं. एकही पोर बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, "पानी खारं असेल मॅडम. आमच्याकडं शेतात..."

आणि मी बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं. "ए पोरी, काय पन काय बोलतेस? इथलं पानी गोड हाय."

मॅडमना वाटलं मी डिस्टिल्डबद्दल बोलतोय. त्यांनी वहीवर लाल रेघ मारली. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. न बघता लिहिणाऱ्यांसाठी माझ्याकडे शून्य आहे." त्या चिडल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. ते जास्त वाईट असतं.

त्या शून्यानं तिचा केमिस्ट्री विषय गेला. अकरावी सायन्सला एखादा विषय गेला की आमच्याकडे एक तडजोड असते : सायन्स सोड, आर्ट्सला जा, वर्ष वाचवतो. वडिलांनी सही केली. मला वाईट वाटलं, पण पोरगी पास तर झाली, असं म्हणून मी मे महिन्यात आंबे उतरवायला गेलो.

जुलैमध्ये नवी अकरावी प्रयोगशाळेत आली. मॅडम पहिल्या तासाला म्हणाल्या, "आज आपण काहीही न दिसण्याचा प्रयोग करू." पोरं बघतच राहिली. "नुसतं शुद्ध पाणी घ्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. काही होणार नाही. पण 'काही नाही' कसं दिसतं ते एकदा नीट बघितलं, तर पुढे जे दिसेल ते ओळखता येतं." त्यांनी कॅनमधलं पाणी नळीत ओतलं, ॲसिडचे थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट, आणि नळी खिडकीकडे धरली. स्वतः मात्र पोरांकडे बघत होत्या.

"काय दिसतं?"

पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "पांढरं झालं, मॅडम."

मॅडम हसल्या आणि नळीकडे वळल्या. नखाची टकटक थांबली.

"लिहा," त्या वर्गाला म्हणाल्या. "पांढरं दिसलं असं लिहा." मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हे पाणी कधीचं?"

"डिस्टिल्ड हाय, मॅडम."

"कधीचं?"

कॉइल दुरुस्त व्हायचीच होती. सुट्टीभर तो कॅन तसाच होता, झाकण लावलेला. "मार्चातलं," मी म्हणालो. "परीक्षेच्या आदल्या दिवशी भरलं. विहिरीचं हाय."

मॅडमनी पर्स जमिनीवर ठेवली आणि स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग एकच वाक्य म्हणाल्या, मला नाही, त्या नळीला, "तिनं मला सांगितलं होतं."

त्याच दुपारी आम्ही अक्षताच्या वाडीवर गेलो. पाऊस थांबला होता, बांधावर चिखल. मॅडमच्या चपलेचा पट्टा तुटला, तर दोन्ही चपला हातात घेऊन त्या माझ्या पुढे चालत होत्या. आजूबाजूच्या शेतांत लावणी चालली होती. एकच शेत उघडं होतं, पांढुरकं. त्याच्या कडेला घर.

अक्षता ओटीवर आली. मॅडमनी ओटीवर पायही ठेवला नाही, अंगणातच उभ्या राहून सांगितलं, "तुला दिसलं ते खरं होतं. मी बघितलंच नाही. माझं चुकलं, बाळा."

पोरगी रडेल, निदान हसेल, असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "मॅडम, मला तेव्हापासून वाटतं, मला नीट दिसतच न्हाय. म्हसळ्याला जाऊन डोळे पन तपासून आले."

बापानं पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं आणि आम्ही परत आलो.

पुढचे पंधरा दिवस त्या बाईनं कोणालाही स्वस्थ बसू दिलं नाही. बारावीच्या सायन्सच्या वर्गात, त्याच तेवीस जणांसमोर अक्षताला बोलावून तो प्रयोग पुन्हा केला आणि "बघितलं फक्त हिनं, मीसुद्धा नाही," असं सांगितलं. तेवीस माना खाली गेल्या. प्राचार्यांच्या दारात रोज सकाळी उभ्या. प्राचार्य म्हणाले, लेखी लागेल, संस्थेला कळवावं लागेल. मॅडमनी लेखी दिलं. त्याची झेरॉक्स काढायला मीच गेलो, आणि दुकानातच वाचलं. 'डिस्टिल्ड पाणी तपासून घेणे ही माझी जबाबदारी होती. ती मी पार पाडली नाही. विद्यार्थिनीचे निरीक्षण अचूक होते.' माझं नाव कुठेच नव्हतं. त्या दिवशीच्या बोटांचा तर उल्लेखच नाही, कारण ती त्यांनी पाहिलीच नव्हती.

कागद परत देताना मला राहवलं नाही. "मॅडम, तुम्हीच म्हनता, दिसलं ते लिहावं. मग माझं नाव का न्हाय लिव्हलंत?"

"तुम्हाला विहिरीवर मी कुठे पाहिलं, भाऊ?" त्या म्हणाल्या. "मला दिसली ती नळी. मी नळीचं लिहिलं. तुम्ही जे बघितलंत ते तुम्ही लिहायचं."

मी मान हलवली, आणि काही लिहिलं नाही. पेन्शन तोंडावर आलेली. घरी बायको म्हणाली, "झालं ते झालं, कशाला काडी घालता?" मला ते पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं.

अक्षताला सायन्समध्ये परत घेतलं. मॅडमना दिवाळीनंतर संस्थेच्या रेवसकडच्या हायस्कुलात पाठवलं, आठवीला सामान्य विज्ञान शिकवायला. तिथं प्रयोगशाळा म्हणून एक कपाट आहे असं ऐकलं. जाताना त्यांनी मला सिल्व्हर नायट्रेटची लहानशी तपकिरी बाटली दिली. "दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीचं पाणी बघत जा. वहीत लिहा. आकडे जमवू नका." निरोपाच्या दिवशीही त्या बसल्या नाहीत. शाल-नारळ उभ्यानंच घेतला आणि एसटी सुटायच्या आधीच दारात जाऊन उभ्या राहिल्या.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. स्टूल रिकामं असतं. नवे सर खुर्चीत बसून शिकवतात, चांगले आहेत. एक तारखेला मी नळी उजेडाकडे धरतो. पहिल्या उन्हाळ्यात दाट पांढरं, पावसाळ्यात धूसर. बांध दुरुस्त झाल्यापासून कमी कमी होत चाललंय, पण गोड मी अजून लिहिलेलं नाही.

मागच्या महिन्यात अक्षता आली होती. अलिबागला बीएस्सी करते, केमिस्ट्री घेऊन. माझी वही तिनं शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, "भाऊ, मॅडमच्या पत्रात पाण्याचं लिहिलंय. कॅन कोनी भरला ते न्हाय लिहिलेलं."

माझ्या हातात नळी होती. मी ती विसळायला घेतली.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मागच्या रस्त्यानं घरी चालले होते. तुम्हाला विहिरीवर बघितलं होतं, कॅन घेऊन. म्हणूनच तर म्हटलं, पानी खारं असेल."

"मग सांगितलं का न्हाय तेव्हा?"

"सांगत होते की. तुम्ही गप केलंत."

ती हे रागानं म्हणाली नाही. प्रयोगाच्या वहीत निरीक्षण लिहावं तसं सांगितलं आणि चहा न घेताच गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. तिच्याही दोन बोटांवर काळे डाग होते.

त्यानंतर मला झोप लागेना, जेवताना बसवेना. बायको म्हणाली, "त्या मॅडमसारखं काय चाललंय उभ्यानं?" काल शेवटी मी कागद घेतला आणि संस्थेला लिहिलं. कॅन मी भरला. चिठ्ठी मी तशीच ठेवली. बोटं मी दाखवली. पोरगी खरं बोलत होती तेव्हा तिला मी गप्प केलं. माझ्या नोकरीचे चार महिने राहिलेत, संस्थेला काय करायचं ते करू दे.

तोच मजकूर, मागचं-पुढचं जोडून, इथं तुमच्यासमोरही मांडला. उद्या सकाळच्या गाडीनं अलिबाग, तिथून रेवस. पिशवीत त्या पत्राची एक प्रत आहे आणि विहिरीच्या पाण्याची एक बाटली. या वेळी बाटलीवर चिठ्ठी लावलेली नाही. मॅडम घोट घेतील आणि काय ते सांगतील.